एमएस असलेल्या रुग्णाची डोळ्यांची तपासणी घरी: काय होतं, काय होत नाही?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. वहिनींसाठी विचारतोय. वय ४६, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांना इजा करणारा आजार), अटॅक येऊन जाणारा प्रकार. पण पायांची ताकद परत आलेली नाही, त्यामुळे व्हीलचेअर. उजवा हात थरथरतो. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली न्यायचं म्हणजे चार माणसं गोळा करावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत त्या पार गळून जातात.

डोळ्यांचं असं आहे: डाव्या डोळ्याला पूर्वी ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेला सूज) होऊन गेलाय, त्या डोळ्याने लाल रंग विटकरी दिसतो. गेल्या तीन आठवड्यांपासून उजवीकडे बघितलं की एकाचे दोन दिसतात. सकाळी वाचता येतं, दुपारनंतर नाही. डोळे चुरचुरतात. चष्मा चार वर्षांपूर्वीचा, प्रोग्रेसिव्ह काचांचा. औषधं चालू आहेत ती ताठरपणासाठी बॅक्लोफेन, लघवीसाठी सॉलिफेनासिन आणि रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन. आता एमएसचे अटॅक कमी करणारी फिंगोलिमॉडची गोळी सुरू करायचं ठरतंय आणि त्याआधी डोळे तपासून घ्या असं चिठ्ठीवर लिहून दिलंय.

घरी येऊन तपासणी करणारे असतात का, आणि घरी नेमकं काय होतं? हॉस्पिटलची फेरी टळणारच नसेल तर एका फेरीत काय काय उरकून घ्यावं? आणि डोळ्यांत थेंब कसे घालायचे? मान मागे केली की त्यांचे पाय ताठ होतात, स्वतः घालायला गेल्या तर हात थरथरतो.


रेटिनोस्कोप

कृष्णाकाठ, चष्म्याचं नंतर बघू. तीन आठवड्यांत नव्याने आलेलं ‘एकाचे दोन’ आधी न्यूरॉलॉजिस्टच्या कानावर घाला, आजच. हा नवा अटॅक असू शकतो. नवा नंबर काढून हे जाणार नाही आणि चष्मेवाल्याच्या नादात दिवस जातील.

फोन करण्याआधी घरीच दोन गोष्टी करा. एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, मग दुसरा. कुठलाही एक झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल तर दोन डोळ्यांचा ताळमेळ सुटलाय, म्हणजे कारण डोळे फिरवणाऱ्या नसांकडे किंवा मेंदूत. एक डोळा झाकूनही उरलेल्या एकट्या डोळ्याला दोन दिसत असतील तर कोरडेपणा, मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर, म्हणजे घाई नाही.

दुसरं, व्हिडिओ. खोलीत भरपूर उजेड, वहिनींचा चेहरा खिडकीकडे, चष्मा काढलेला. मोबाइल असा धरा की कपाळापासून नाकापर्यंतचाच भाग भरून दिसेल. दुसऱ्या माणसाने साधारण ५० सेंमीवर पेन धरून ते सावकाश डावीकडून उजवीकडे, मग वर-खाली न्यायचं. मान हलू द्यायची नाही. उजवीकडे बघताना डावा डोळा नाकाकडे पुरता वळत नसेल आणि त्याच वेळी उजवा डोळा बाहेरच्या कोपऱ्यात झटके देत असेल, तर ते एमएसमध्ये नेहमी दिसणारं इंटरन्यूक्लिअर ऑफ्थॅल्मोप्लेजिया. डावा नीट वळतोय आणि उजवाच बाहेर जात नाही, तर डोळा बाहेर वळवणारी सहावी नस. घरी निदान करत बसू नका, पण अर्ध्या मिनिटाचा असा व्हिडिओ फोनवरच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा न्यूरॉलॉजिस्टना जास्त सांगतो.

आता घरच्या तपासणीकडे. घरी येणारा माणूस ऑप्टोमेट्रिस्ट हवा, म्हणजे ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवी असलेला. नुसता ‘कॉम्प्युटरने नंबर काढून देतो’ म्हणणारा नको. हातात धरायच्या मशीनने काढलेला नंबर, डोळे हलत असतील तर बऱ्याचदा चुकतो. त्या मशीनला डोळा काही क्षण स्थिर लागतो आणि निस्टॅग्मसमध्ये, म्हणजे डोळे आपोआप हलत राहतात तेव्हा, तेवढंच मिळत नाही. अशा वेळी रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून बघायच्या उपकरणाने, हातानेच नंबर काढावा लागतो. फोनवरच विचारा: रेटिनोस्कोप आणता का? प्रिझम बार (दुहेरी दिसण्यातलं अंतर मोजायची काचांची पट्टी) आहे का? डोळ्याचं प्रेशर कशाने बघता? बाहुली मोठी करून पडदा बघायला नेत्रतज्ज्ञ बरोबर येतील, की पडद्याचा फोटो काढून त्यांना पाठवाल? पहिल्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा.

शोधायचं कुठे? जिल्ह्याच्या ठिकाणी मोठं नेत्ररुग्णालय असेल तर त्यांच्या शिबिरं घेणाऱ्या विभागाला फोन करा. गावोगाव न्यायचं सामान त्यांच्याकडे पेटीत बांधून तयारच असतं. ऑप्टोमेट्रीचं कॉलेज जवळ असेल तर तिथेही विचारा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई आणि पुणे शाखांना विचारल्यास एमएसचे रुग्ण पाहिलेले कोण आहेत ते कळू शकतं.

घरी होतं ते असं: ३ मीटरच्या तक्त्यावर लांबची नजर, ४० सेंमीवर जवळची नजर, प्रत्येक डोळा वेगळा. इशिहाराच्या पुस्तकाने रंग. आळीपाळीने टॉर्च टाकून बाहुल्यांची तपासणी. डोळ्यांच्या हालचाली, प्रिझम बारने तिरळेपणाचं माप. ट्रायल फ्रेममध्ये चष्म्याचा नंबर. हातात धरायच्या स्लिट लॅम्पने पापण्या, कोरडेपणा, मोतीबिंदू. रिबाउंड टोनोमीटरने प्रेशर, त्याला भुलीचे थेंब लागत नाहीत. ऑप्थॅल्मोस्कोपने किंवा मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने पडदा आणि नस.

ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आणि नीट केलेली व्हिज्युअल फील्ड (नजरेच्या आवाक्याची तपासणी) घरी होत नाही, आणि तुम्हाला फिंगोलिमॉडसाठी ओसीटीच हवंय. म्हणून एक फेरी अटळ आहे.

तपासणीचा क्रम बाहेरून आलेल्या माणसालाही आठवण करून द्या. बाहुल्यांची, रंगांची आणि हालचालींची तपासणी आधी, बाहुली मोठी करायचे थेंब सगळ्यात शेवटी. थेंब आधी पडले की बाहुल्यांवरून नसेचा अंदाज घेणं त्या दिवसापुरतं संपलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिनचे एकत्र थेंब वापरतात. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा, नुसतं ट्रॉपिकामाइड वापरता येतं.

वेळ सकाळची घ्या, वहिनींना वाचता येतं तीच. आंघोळ गरम पाण्याने केली असेल तर मध्ये किमान तासभर जाऊ द्या. अंग तापलं की एमएसमध्ये आधीच इजा झालेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत आणि नजर तात्पुरती उतरते. याला उथॉफ म्हणतात, विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरने १८९० मध्ये ते नोंदवलं. दुपारी चार वाजता, घामाघूम अवस्थेत काढलेला नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी चुकीचा निघतो आणि चष्म्याचे पैसे वाया जातात. तपासणी वीस मिनिटं झाली की पाच मिनिटं डोळे मिटून विश्रांती द्यायला लावा. ‘आता दोन्ही सारखंच वाटतंय’ असं त्या म्हणायला लागल्या की बहुतेक दमल्यात असं समजा.


घरची_शुश्रूषा

थेंबांचं मी सांगते, कारण नेमकं याच ठिकाणी औषध उशीवर जातं.

व्हीलचेअरवर बसवून मान मागे टाकणं बंदच करा. तुम्ही म्हणताय तसे पाय ताठ होतात आणि रुग्ण खुर्चीतून पुढे घसरतो. पलंगावर आडवं घ्या, डोक्याखाली एक पातळ उशी, गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेलं ब्लँकेट. गुडघे वाकलेले असले की पाय ताठ होणं बरंच आवरतं. हवं तर बॅक्लोफेनचा डोस घेतल्यावर तासाभराने थेंब घालायची वेळ ठेवा.

घालणाऱ्याने उशाशी, डोक्याच्या मागच्या बाजूला उभं राहायचं. हात साबणाने धुवून पुसायचे. डोळ्याला पू किंवा चिपडं असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. मग डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढायची, तिथे एक खोबण तयार होते. बाटली धरलेल्या हाताचं मनगट रुग्णाच्या कपाळावर टेकवायचं, म्हणजे डोकं हललं तर हातही बरोबर हलतो आणि टोक डोळ्यात जात नाही. बाटली २ सेंमी वर. एकच थेंब. खोबणीत त्याहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावर ओघळतो. मग डोळा हलकेच मिटायचा, आवळून नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दीड-दोन मिनिटं दाबून धरायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही.

डोळा उघडा ठेवता येत नसेल, पापण्या फडफडत असतील, तर मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडायला सांगा. तेवढ्यानेच थेंब आत जातो. वहिनींना स्वतः घालायचे असतील तर हीच पद्धत, आडवं होऊन, डाव्या हाताने. बाटली दाबायला बोटांत जोर नसेल तर बाटलीवर चढवायचे लांब दांड्याचे चिमटे मिळतात, ते डोळ्याभोवतीच्या हाडाला टेकतात, त्यामुळे नेमही चुकत नाही. घेण्याआधी तुमची बाटली त्यात बसते का ते बघा, चपट्या बाटल्या बऱ्याचदा बसत नाहीत.

दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं, मलम सगळ्यात शेवटी. बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहा. साधी बाटली महिन्याने फेकायची, शिल्लक असली तरी.

कोरडेपणासाठी डॉक्टर बहुधा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्क्याचे थेंब देतील. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, नाहीतर थेंबांतल्या प्रिझर्व्हेटिव्हनेच चुरचुर वाढते. पंखा आणि कूलर बघा. एमएसला गारवा हवा, पण कूलरचा झोत थेट तोंडावर आला की डोळे सुकतात. झोत पायांकडे वळवा.

रात्री टॉर्चने एकदा बघा: झोपेत पापण्यांच्या फटीतून पांढरा भाग दिसतो का? दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांना सांगून झोपताना घालायचं वंगणाचं मलम सुरू करा, खालच्या पापणीच्या आत साधारण १ सेंमीची बारीक रेघ. तेवढ्याने भागलं नाही तर मायक्रोपोर टेपच्या पट्टीने पापणी मिटून चिकटवतात, पण पट्टी कशी लावायची ते आधी त्यांच्याकडून प्रत्यक्ष बघून घ्या. पापणी पुरती मिटलेली नसताना वर गॉज किंवा कापसाचा पॅड ठेवू नका, तो उघड्या बुबुळावर घासतो.

आणि हे महत्त्वाचं: चेहऱ्याच्या त्या बाजूला बधिरपणा असेल तर बुबुळाला जखम झाली तरी दुखत नाही. लाल झालेला पण न दुखणारा डोळा अशा रुग्णात ‘बघू उद्या’वर सोडायचा नसतो.


दृष्टिपटल

वरच्या दोघांनी नीट सांगितलंय. औषधांबद्दल माझी भर.

फिंगोलिमॉडने थोड्या रुग्णांमध्ये पडद्याच्या मध्यभागी सूज येते, मॅक्युलर एडिमा. मधुमेह किंवा पूर्वी युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) झालेला असेल तर शक्यता जास्त. बहुतेक वेळा ती पहिल्या तीन-चार महिन्यांत येते आणि औषध थांबवल्यावर सहसा ओसरते. म्हणून सुरू करण्याआधी एक ओसीटी आणि तीन ते चार महिन्यांनी दुसरं. दुसरी फेरी आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, बऱ्याच जणांची तीच राहून जाते.

पहिल्या गोळीनंतर नाडी मंदावू शकते, त्यामुळे सहा तास देखरेखीखाली ठेवतात, आधी आणि नंतर ईसीजी काढतात. तुम्हाला चार माणसं गोळा करून खाली उतरायचंच आहे, तर न्यूरॉलॉजिस्ट तयार असतील तिथे एकाच दिवसात जुळवा: सकाळी डोळे, अहवाल ठीक असेल तर नंतर गोळी. पण त्या दिवशी फिनाइलेफ्रिनचे थेंब नकोत, नाडी आणि बीपीवर नजर ठेवायची असताना त्यात लुडबुड नको. ओसीटी बहुतेक वेळा बाहुली मोठी न करताही निघतं.

हॉस्पिटलला फोन करून आधी ठरवायचं: सकाळची पहिली वेळ, व्हीलचेअर आत येईल असा स्लिट लॅम्प आणि ओसीटीचं टेबल. रुग्णाची खुर्ची बाजूला सरकवता आली पाहिजे आणि टेबल वर-खाली झालं पाहिजे. व्हीलचेअरचे हात निघतात का ते घरीच बघून ठेवा, नाहीतर हनुवटी टेकवायला पुढे वाकता येत नाही. मान वाकवल्यावर पाठीतून विजेसारखा झटका जात असेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा, ते टेबल उंच घेतील. फील्डची तपासणी नस बघण्यासाठी उपयोगी आहे, पण दमलेल्या रुग्णात तिचे आकडे भरवशाचे नसतात. कमी वेळाचा फास्ट प्रोग्राम मागा, ओसीटीच्या आधी करून घ्या, आणि एका डोळ्यावरच त्या थकल्या तर दुसरा सोडून द्या.

सॉलिफेनासिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन दोन्हींनी डोळे कोरडे होतात आणि जवळचं धूसर होतं. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या तक्रारींतला काही वाटा औषधांचा असू शकतो. स्वतःहून बंद करू नका, पण यादी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्याचा कोन (आतलं पाणी निचरा होण्याची जागा) अरुंद असेल तर याच औषधांनी आणि बाहुली मोठी करायच्या थेंबांनी प्रेशर अचानक चढू शकतं. म्हणून थेंबांआधी कोन बघायला सांगा. डोळा लालभडक, प्रचंड दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी, उलट्या, असं झालं तर त्याच रात्री दवाखाना.

अटॅकसाठी याआधी सलाइनमधून स्टेरॉइड कितीदा दिलंय तेही सांगा. वारंवारच्या स्टेरॉइडने मोतीबिंदू होतो आणि काहींचं प्रेशर वाढतं.

ऑप्टिक न्यूरायटिस परत आला तर कळणार कसं? डोळा फिरवताना दुखतं, नजर काही तासांत किंवा दिवसांत उतरत जाते, रंग आधी फिके पडतात. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, त्याच चष्म्याने, त्याच दिव्याखाली प्रत्येक डोळ्याने वेगळं बघायचं: वर्तमानपत्राचा तोच आकाराचा मजकूर आणि बाटलीचं एक लाल झाकण. वहिनींचा डावा डोळा फिका दाखवतोच, त्यामुळे दोन डोळ्यांची तुलना उपयोगाची नाही, त्या त्या डोळ्याची गेल्या आठवड्याशी तुलना करा. फिंगोलिमॉड सुरू झाल्यावर आम्सलरची चौकटही (उभ्या-आडव्या रेघांची, मध्ये ठिपका असलेली) त्यात धरा. मधल्या ठिपक्याकडे बघताना रेघा वाकड्या दिसल्या की कळवायचं. रोज मात्र नको, रोजच्या तपासणीने बारीकसारीक चढउतार मोठे वाटायला लागतात.

फरक दिसला तर आधी ताप आणि लघवीचा संसर्ग बघा. त्यानेही जुनी लक्षणं वर येतात आणि ताप उतरला की जातात. ताप नाही, उष्णता नाही आणि २४ तास उलटूनही नजर उतरलेलीच, तर न्यूरॉलॉजिस्टना फोन. घरात उरलेल्या प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या तोवर सुरू करून ठेवू नका. अमेरिकेत झालेल्या ऑप्टिक न्यूरायटिसच्या मोठ्या चाचणीत, जिचे निकाल १९९२ मध्ये आले, नुसत्या नेहमीच्या डोसच्या तोंडी प्रेडनिसोनवर असलेल्यांना पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. शिरेतून मोठ्या डोसने दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर सुधारली, शेवटी कितपत परत आली त्यात मात्र फारसा फरक पडला नाही. सध्या साधारणपणे मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस देतात. आधी साखर, बीपी आणि लघवीची तपासणी.

दोन्ही डोळे एकदम गेले, किंवा एका डोळ्याला उजेडही कळेनासा झाला, तर फोनवर थांबू नका, तडक हॉस्पिटल. तिथे अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी (एमएससारख्या दिसणाऱ्या आजारांसाठीच्या रक्ततपासण्या) पूर्वी तपासल्यात का ते विचारतील. तो अहवाल फाइलमध्ये वर ठेवा. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा त्यांतलाच, एमएसहून वेगळा आजार आहे. त्यात उपचाराला झालेला उशीर नजरेला महाग पडतो, आणि एमएसची काही औषधं, फिंगोलिमॉड धरून, त्यात उलट त्रास वाढवतात.


कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिडिओ काढून पाठवला, डावा डोळा नाकाकडे येत नाही आणि उजवा झटके देतो, रेटिनोस्कोप यांनी लिहिलं तसंच. न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय लिहून दिलाय. एका ठिकाणी ‘प्रिझमचा चष्मा केला की दुहेरी जाईल’ असं सांगताहेत. करावा का? आणि प्रोग्रेसिव्ह काचा तशाच ठेवाव्यात का?


लेस्टरकर

प्रिझमचं उत्तर जाणकार देतीलच. मध्येच एक, कारण इथे ब्रिटनमधले मराठी लोकही वाचतात आणि आई-वडिलांसाठी नेहमी विचारतात. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) खर्चाने घरी येऊन डोळे तपासून घेता येतात, त्याला तिथे डोमिसिलिअरी साइट टेस्ट म्हणतात. अटी दोन आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात: आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे कुणाच्या मदतीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, आणि फुकट तपासणीचा हक्क मुळात आहे. हा हक्क वय ६० किंवा जास्त, मधुमेह, काचबिंदू, दृष्टिहीन म्हणून नोंद, ठरावीक सरकारी भत्ते, कमी उत्पन्नाचं एचसी-२ प्रमाणपत्र अशा कारणांनी मिळतो. फक्त एमएस आहे म्हणून तो मिळत नाही, तेव्हा साठीच्या आतल्या रुग्णाने एचसी-२ साठी अर्ज करून बघावा. स्कॉटलंडमध्ये एनएचएसची तपासणी सगळ्यांनाच फुकट आहे. वेळ घेतानाच व्हीलचेअर, दुहेरी दिसणं आणि औषधांची यादी सांगून टाका, म्हणजे प्रिझम बार बरोबर येतो. नजर अचानक उतरली तर मात्र या सेवेची वाट बघू नये, त्याच दिवशी डोळ्यांच्या इमर्जन्सीला.


रेटिनोस्कोप

कृष्णाकाठ, प्रिझमचा कायमचा चष्मा आत्ता करू नका. प्रिझम चित्र ठरावीक अंतराने सरकवतो. वहिनींना समोर बघताना एकच दिसतं, उजवीकडे बघताना दोन, आणि जितकं उजवीकडे तितकं अंतर जास्त. एकच प्रिझम सगळीकडे लागू पडणार नाही. उजवीकडचं सुधारायला गेलात तर समोरचं बिघडेल. सध्या डोळ्यांऐवजी मान उजवीकडे वळवायची सवय, आणि टीव्ही, माणसं, ताट हे सगळं समोर किंवा थोडं डाव्या हाताला. पलंगाची दिशा बदलून हे बऱ्याच अंशी साधतं.

वाचताना त्रास होत असेल तर चष्म्याच्या एका काचेवर दूधी, अर्धपारदर्शक टेप लावा. पूर्ण डोळा झाकणाऱ्या काळ्या पट्टीपेक्षा हे बरं, उजेड आणि हालचाल कळत राहते. डाव्या डोळ्याची नजर कमी आहे, म्हणून टेप डाव्या काचेवर. फक्त उजवीकडच्या भागापुरती पट्टी लावायची असेल तर नेमकी कुठे ते तपासणाऱ्याने काचेवर आखून द्यावं, दोन-तीन मिलिमीटरने फरक पडतो. मोठ्या माणसात झाकल्याने डोळा आळशी होत नाही, ती भीती नको. पण एका डोळ्याने खोलीचा अंदाज जातो, म्हणून पलंगावरून खुर्चीत घेताना टेपचा चष्मा काढून ठेवा.

प्रोग्रेसिव्ह काचा बदला. त्यांत वाचायचा भाग खाली, अरुंद पट्ट्यात असतो आणि डोळे बरोब्बर तिथे नेऊन स्थिर ठेवावे लागतात. एमएसमध्ये नेमकं तेच अवघड असतं. शिवाय खाली बघितलं की पायाखालचं धूसर. लांबचा एक चष्मा आणि वाचायचा एक, दोन्ही साध्या काचांचे, फ्रेमचे रंग वेगळे, म्हणजे हातात कुठला आला ते कळतं. वाचायचा चष्मा कुठल्या अंतरासाठी हवा ते मोजून द्या: पुस्तक स्टँडवर डोळ्यांच्या पातळीला ठेवून बुबुळापासून पानापर्यंत टेपने मोजा. दुकानात ४० सेंमी धरतात, स्टँडवर ते ५०-५५ होतं आणि मग नंबर जास्त पडतो. स्टँडमुळे मानही खाली वाकवावी लागत नाही. ओळ हरवत असेल तर काळ्या कार्डाला १५ सेंमी लांब आणि दोन ओळी दिसतील इतकी रुंद खाच कापा आणि पानावर सरकवत वाचा. दिवा मागून, खांद्यावरून, चकचकीत कागद टाळून. दुपारी थकल्यावर डोळ्यांवर जोर देण्यापेक्षा मोबाइलला मराठीत वाचून दाखवायला सांगा. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, त्याची सकाळीच सवय करून ठेवा.

पुढे समोर बघतानाही दोन दिसायला लागले, आणि तिरळेपणाचं माप सहा महिने बदललं नाही, तर प्रिझमचा विचार. तेव्हाही आधी चिकटवायचा फ्रेनेल प्रिझम (बारीक रेघांचा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा), तो मोठ्या नेत्ररुग्णालयाच्या ऑर्थॉप्टिक (तिरळेपणा बघणाऱ्या) विभागातून मागवतात. काचेच्या मापाचा कागदी साचा करून कात्रीने कापायचा. चष्मा आणि प्रिझम दोन्ही कोमट पाण्यात बुडवून, गुळगुळीत बाजू काचेच्या आतल्या अंगाला लावायची, मधून कडेकडे बोटाने दाबत हवेचे बुडबुडे काढायचे आणि एक दिवस तसाच वाळू द्यायचा. प्रिझमच्या पायाची (जाड कडेची) दिशा तपासणाऱ्याने खूण करून दिलेली असते. चिकटवताना थोडा जरी फिरला तरी चित्र वर-खाली तिरकं सरकतं, आणि मग ‘प्रिझम लागू पडला नाही’ म्हणून तो काढून टाकला जातो. जास्त ताकदीच्या फ्रेनेलने अक्षरं धूसर होतात, म्हणून तो कमी दिसणाऱ्या डोळ्यापुढे लावतात. रेघांमध्ये धूळ बसते. साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रश, रेघांच्या दिशेने. कपड्याने पुसलात तर धूळ रेघांतच दबून बसते आणि कड उचलली जाते.